एंगेज

वार्दोला, ओडलाऊगच्या स्वयंपाकघरात
पावाच्या डब्याशेजारी एक करडं यंत्र होतं
आणि फोनची एकच तार.
म्हणून आत एका वेळी एकालाच येता यायचं.
सतरा जण होतो आम्ही.
तीन वर्षांत कुठलेही दोघे
तिथे एकत्र कधीच नव्हतो.

तरी कळायचं, कोण येऊन गेलंय.
खुर्चीवरून कुणी नुकतंच उठलेलं असलं
की बसताना ऊब लागते, तसं.
टोरलाइफ दीपगृहातून पहाटे तीनला
वाऱ्याची दिशा लिहायचा,
आणि रेनडियरचा रस्सा आज कसा बिघडला ते.
स्वेनुंग ट्रॉलरवरचा खानसामा. बंदराला लागला
की महिन्याभराचं एकदम ओतायचा,
शुद्धलेखन सगळं चुकीचं, मजकूर सगळा खरा.
मी चौदाची. तेवीस सांगितलं होतं.
सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोललं नाही.

निघताना एक ओळ टाकायची, असा रिवाज:
'लाइन सोडतोय. तुम्ही या.'
कारण बाहेर कुणीतरी ताटकळलेलं असणार,
टूं-टूं ऐकत, पुन्हा पुन्हा तेच आकडे दाबत.
किती चिडायचे मी त्या आवाजावर!

एकदा व्हेलच्या शिकारीवरून
स्वेनुंग आणि गणिताचे मास्तर हमरीतुमरीवर आले.
एकेक शिवी घालायला अर्धा अर्धा तास
लाइन मिळायची वाट बघत.
ओडलाऊगने काहीही पुसलं नाही.
यंत्राची वायर उपटली,
त्याच तारेवरून दोघांना फोन लावला:
'कॉफी टाकलीय. या. काय द्यायच्या त्या इथे द्या, तोंडावर.'
दिल्या म्हणे. मग तीन-तीन वॅफल खाल्ले.

पुढे तारा जाड झाल्या.
आधी गावाचे फोटो आले, मग फोटोंचंच गाव झालं.
सतरातले चौदा तिकडे गेले, इथलं सामानही न उचलता.
'सगळे इकडेच आहेत,' स्वेनुंगची बायको म्हणाली.
खरंच होते. सगळे, एकाच वेळी.
कुणी उठतच नव्हतं,
मग खुर्ची गरम की गार, कळणार कसं?

मी आता डब्लिनला. चौथा मजला, नॉर्वेजियन टेबल.
लोकांचं लिहिलेलं बघायचं: ठेवायचं की काढायचं.
एकाला अकरा सेकंद. दिवसाला आठशे.
कॉफीचं मशीन आहे, फुकट आहे,
पण बोलवायचं कुणाला?

काल दुपारी दोनला एक ओळ पुढे सरकली,
लाल झेंडी लावलेली.
जिवाला धोका, शक्यता एकसष्ट टक्के.
'लाइन सोडतोय. तुम्ही या.'
खाली टोरलाइफ. वय ब्याऐंशी. मित्र नऊ.

एक बटण: नियमभंग नाही.
दुसरं: मदतीचा नंबर आपोआप पाठवा.
झोपायला निघाला असेल म्हातारा, जुनी सवय.
दुपारी?
पण जानेवारीत वार्दोला एव्हाना रात्रच झालेली असते.
आणि दीपगृहाचा दिवा आपोआप लागायला लागल्यापासून
रात्री त्याला करायला काही उरलेलं नाही.

सहा. सात. आठ.

मी उठले. फियाक्राने मान वर करून पाहिलं,
घड्याळाकडे बोट दाखवलं.
मोबाइल लॉकरमध्ये असतो, तसा नियम आहे.
चावी दोनदा पडली.
फ्रिजवरच्या कागदावरचे ते आठ आकडे,
ओडलाऊगच्या अक्षरातले;
तिचा सात कायम एकासारखा दिसायचा.
सातच दाबला.

टूं. टूं. टूं.

लॉकरला पाठ टेकून मी तिथेच जमिनीवर बसले.
कुणीतरी माझ्याआधी पोचलं होतं.
पुन्हा लावला,
नुसता ऐकायला.